सतरावा पुठ्ठा

"जरा बाजूला हो, तिला जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

मी हातात दुधाची पिशवी घेऊन फ्रिजसमोरून बाजूला झाले. कोणाला जाऊ द्यायचं हे विचारायचं सुचलंच नाही. पंचवीस वर्षं या बाईंच्या हाताखाली संसार केल्यावर माणूस आधी सरकतो आणि मग विचार करतो. सरकल्यावर पाहिलं, तर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच.

"कोण जातंय, आई?"

"हिरव्या टोपीची बाई. या भिंतीतून येते आणि खिडकीपर्यंत जाते. हातात छत्री असते. घाबरू नकोस, ती नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे मला दिसते आहे, पण ती नाहीये. एवढं सोपं मराठी कळत नाही तुला?"

मी दचकले. बाईमुळे नाही, सासूबाईंच्या सुरामुळे. टोमॅटो महाग झालेत हे सांगताना त्यांचा जो सूर लागतो, तोच लागला होता.

सासूबाईंनी चौतीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली. तिथे त्यांना सगळे टाचणी म्हणत. एकतर त्या शंकेच्या चिठ्ठ्या टाचणीने कागदाला लावायच्या, आणि दुसरं म्हणजे त्या चिठ्ठ्या टोचायच्याच. आता वय एक्याऐंशी. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजून गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या डाव्या कानाकडे बघतात, कारण कानाकडे बघितलं तरच त्यांना माझं तोंड दिसतं. नवीन माणसाला वाटतं, बाईंचं लक्ष नाही. लक्ष सगळं असतं.

मी ही गोष्ट नवऱ्याला सांगायला नको होती, पण सांगितली. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बिघाड दिसला की तो भाग काढायचा आणि नवा बसवायचा, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी पाच मिनिटं ऐकलं, या वयात होतं असं म्हणाले आणि वाटलं तर सुरू करा म्हणत गोळ्या लिहून दिल्या. निघताना त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "आवाज ऐकू येतात का? माणसं बोलतात का त्यांच्याशी?" तो नाही म्हणाला. "बोलायला लागली तर मग विचारच करू नका, लगेच गोळ्या सुरू करा," डॉक्टर म्हणाले. हे त्याने घरी येऊन मला सांगितलं, हळू आवाजात, नळ सोडून. सासूबाईंचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, हे लेकाच्या लक्षात राहत नाही.

गोळ्यांची बाटली फ्रिजवर ठेवली गेली. तसल्याच गोळ्या आमच्या समोरचे निवृत्त ड्रायव्हर घेतात. पूर्वी तो माणूस गॅलरीतून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायचा. आता हनुवटी छातीवर टेकवून बसलेला असतो, आणि बायकोने हाक मारली तरी थोड्या वेळाने वर बघतो. त्यांच्या बाबतीत गोळ्या गरजेच्या असतीलही, मला त्यातलं कळत नाही. पण सासूबाईंनी त्यांना रोज पाहिलं होतं, कडेच्या नजरेने का होईना.

"गोळ्यांनी ती हिरव्या टोपीची आणि बाकीच्याही बायका जातील," त्या जेवताना म्हणाल्या, "पण त्यांच्याबरोबर माझे शब्दही जातील. बायकांचं मला काही नाही. डोळे गेले, आता शब्द तेवढे उरलेत. ते मी देणार नाही."

"आई, पण नसलेलं दिसणं बरं आहे का?" नवरा म्हणाला.

"बरं आहे असं मी म्हटलं का? काय आहे ते आधी नीट ठरवू दे, मग औषध दे. दहा दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलेली आहेच. तोवर थांब. तिनेही वेड म्हटलं तर बाटली माझ्या हाताने उघडेन."

तो कबूल झाला. आईसमोर त्याने हात टेकायची ती काही पहिली वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भिंत चाचपत माझ्या दुकानात आल्या. दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. तिथे मी कपड्यांच्या दुरुस्त्या करते. पँटची उंची कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची, असली कामं. नव्या शर्टांच्या आत घातलेले पुठ्ठे मी जमवून ठेवते. सासूबाईंनी त्यातला एक घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे काप. उजवा वरचा कोपरा छाट, म्हणजे मला उलटसुलट कळेल. आणि लिहायला बस."

"काय लिहू?"

"जे जे दिसेल ते. वार, वेळ, जागा, उजेड कसा होता. आणि शेवटी शब्द. आकडा घालायला विसरू नकोस."

"शब्द म्हणजे भूतच ना?"

त्यांनी माझ्या कानाकडे असं काही बघितलं की मला माझंच तोंड नको झालं.

मग एक जुनी गोष्ट निघाली. त्यांच्या छापखान्यात एकदा इंग्रजी-मराठी शब्दकोश छापायला आला होता. रचणारे एक मोठे प्राध्यापक. सासूबाई प्रूफं वाचत होत्या. ए या अक्षरात अपॅरिशन आला, अर्थ भूत. जी मध्ये घोस्ट, अर्थ भूत. पी मध्ये फँटम, भूत. एस मध्ये स्पेक्टर आणि स्पिरिट, डब्ल्यू मध्ये रेथ, आणखी कुठेतरी एक, सगळीकडे भूत. सात जागी भूत. त्यांनी सातही जागी समासात प्रश्नचिन्ह घातलं आणि टाचणीने चिठ्ठी लावली की, एवढे निरनिराळे शब्द लोकांनी एकाच गोष्टीसाठी कशाला केले असतील?

"मग?"

"प्राध्यापकसाहेब हसले. म्हणाले, बाई, तुम्ही काना-मात्रा बघा. भूत ते भूत. सातही तशीच छापली."

"तुम्ही दुरुस्त का नाही केलंत?"

"प्रूफरीडर अर्थाला हात लावत नाही. शंका आली तर विचारायचं, बदलायचं नाही. चौतीस वर्षांत मी एकदाही बदललं नाही. पण घरी येऊन त्या सात शब्दांचे अर्थ शोधून ठेवले, स्वतःपुरते. बघ, आता उपयोगी पडले."

असं आमचं काम सुरू झालं. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला वैताग आला होता. गिऱ्हाईक दारात, सुई हातात, आणि सासूबाई सांगतायत, "लिही, सोमवार, सव्वाअकरा, इस्त्रीच्या टेबलापाशी." पण तिसऱ्या दिवसापासून मीच विचारू लागले, आज कोण आलं म्हणून. गिऱ्हाइकं बरी असतात, पण त्यांच्या चेनशिवाय त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं.

पहिला पुठ्ठा हिरव्या टोपीचा. मी विचारलं, हिला घोस्ट म्हणू का?

"नाही. घोस्ट म्हणजे मेलेल्या कोणाचा तरी आत्मा. त्यासाठी आधी कोणीतरी जगलेलं असावं लागतं. ही कोण, कुठली, मला माहीत नाही. ही जगलीच नाही, तर मरेल कशी? अपॅरिशन लिही. म्हणजे नुसतं दिसू लागलेलं. मेलेलं की जिवंत, खरं की खोटं, तो शब्द काही बोलत नाही. फार सभ्य शब्द आहे."

चौथ्या पुठ्ठ्यावर जिना आला. बाथरूमशेजारच्या भिंतीत त्यांना लाकडी जिना दिसायचा, पायऱ्यांवर गालिचासुद्धा. हात लावला तर गार भिंत. "हा फँटम. दिसतं, पण हाताला लागत नाही. पाय कापलेल्या माणसाला त्या नसलेल्या पायात कळ येते ना, तिलाही हाच शब्द लावतात. पाय नाही, पण कळ खरी. ज्याने हा शब्द तिथे लावला त्याने त्या माणसाला खोटारडा म्हटलं नाही, बघ. केवढा समंजसपणा!"

मी पेन तोंडात धरून ऐकत राहिले. शाळेत मला इंग्रजीत काठावर मार्क. आमच्या बाईंनी असं शिकवलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असते.

रेथ सांगताना त्यांचा आवाज खाली आला. एखादा माणूस मरणाच्या दारात असतो आणि त्याच सुमाराला त्याची प्रतिमा दुसरीकडेच कोणालातरी दिसते, ती रेथ. "हा आपल्याला लागणार नाही. पण किती बारीक मापाचा शब्द आहे! कधी लागला तर असावा, म्हणून कोणीतरी शिवून ठेवला." पोल्टरगाइस्ट म्हणजे न दिसता सामान आपटणारं, आदळआपट करणारं. "तो रोज सात वाजता कामावरून घरी येतो, त्याचा पुठ्ठा नको," त्या म्हणाल्या. आणि ब्राउनी म्हणजे केक असं मी समजत होते, तर ते घरात राहून, कोणाच्या नजरेला न पडता सगळी कामं उरकणारं लहानसं भूत निघालं.

"त्याला मोबदला काय मिळतो?"

"वाटीभर साय. कौतुक केलेलं किंवा नवे कपडे दिलेले त्याला चालत नाहीत, घर सोडून जातं. म्हणून तर मी तुझं कधी कौतुक करत नाही."

हसता हसता सुई बोटात गेली. पंचवीस वर्षांत एवढी मोठी पावती मला मिळाली नव्हती.

स्पेक्टरच्या वेळी मात्र त्या हसल्या नाहीत. तोही बघण्यावरूनच आलेला शब्द, पण बघून छाती दडपली पाहिजे. "मला स्पेक्टर एकच दिसतं," त्या म्हणाल्या. "फ्रिजवर. झाकण पांढरं आहे ना त्याचं?" मी म्हटलं, हो, पांढरं. "लिही. पण त्यासाठी नवा पुठ्ठा नको. आधीच्याच्या मागे लिही."

सगळ्यात जास्त मला आवडला तो अकरावा पुठ्ठा. दुकानात टांगलेल्या एका लांब कोटाला त्यांनी "या, बसा" म्हटलं होतं. मी हसले, तर त्या म्हणाल्या, "हे हसण्यावारी नेऊ नकोस, हा वेगळा आहे. कोट तिथे खरंच आहे, मी तो माणूस म्हणून वाचला. छापलंय एक, वाचलं एक. ही इल्यूजन. हिरव्या टोपीच्या वेळी कागद कोरा असतो आणि मी वाचते. ते हॅल्युसिनेशन."

"आणि वेड?"

"कोऱ्या कागदावर वाचलेलं छापलेलंच आहे, म्हणून संपादकाशी भांडायला जाणं. ते डिल्यूजन. तिथे मी अजून गेलेले नाही. आपला सगळा खटला या तीन शब्दांवर उभा आहे. अक्षर नीट काढ."

मी अक्षर नीट काढलं. सासूबाईंचा मला धाक आहे, राग येतो, कधीकधी कीवही येते. पण त्या दुपारी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी पोटातच ठेवला. ब्राउनीच्या नियमाने कौतुक कोणाला मानवेल याचा भरवसा नव्हता.

घात झाला तो मंगळवारी. एरवी चार वाजता मी दुकानातच असते, पण त्या दिवशी कात्री आणायला आत गेले. सासूबाई टेबलापाशी चहा घेत बसल्या होत्या. समोरची खुर्ची रिकामी. ती माझ्या सासऱ्यांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे, चारच्या ठोक्याला चहाला बसायचे, आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झालीत. सासूबाई त्या खुर्चीकडे तोंड करून म्हणत होत्या, "मुद्दामच कमी घातली. तुमची साखर वाढली की मला बोलणी बसतात."

मी दारातच थांबले. माझी चाहूल लागताच त्या म्हणाल्या, "आलीस? लिही. मंगळवार, चार. हे खुर्चीत बसले आहेत. म्हणाले, साखर कमी आहे. शब्द..."

तेवढ्यात बाहेर गिऱ्हाइकाने घंटी वाजवली. मी गेले. पुठ्ठ्यावर मजकूर लिहिला, सतरा आकडा घातला, आणि शब्दाची जागा मोकळी ठेवली. पण परत विचारायला आत गेले नाही. इतक्या दिवसांत एकही बाई, एकही माणूस चकार शब्द बोललं नव्हतं. आता बोललं. 'ते म्हणाले', असं सासूबाईंनीच सांगितलं. बोलायला लागली तर विचारच करू नका, हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं. हा पुठ्ठा नवऱ्याने वाचला असता तर त्याच संध्याकाळी बाटली फ्रिजवरून खाली आली असती.

मी तो बटणांच्या खणात, अगदी तळाशी सरकवून दिला. अठरापासून पुढे लिहायला घेतलं. सासूबाईंनी सतराव्याचा शब्द पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघे गेलो. डॉक्टर तरुण होती, केस आखूड, खिशाला तीन पेनं. तिने थेंब घातले, उजेड पाडून बघितलं, आणि मग नवऱ्याने सगळी कहाणी सांगितली. सांगताना तो दोनदा अडखळला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदाच नीट कळलं, की हा माणूस आईला गप्प करायला निघालेला नाही, घाबरलेला आहे. आईत बिघाड झालाय आणि बदलायला भाग मिळत नाही.

"पुठ्ठे द्या त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरने पहिले दोन-तीन भराभर वाचले. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि सावकाश वाचू लागली. अकराव्यापाशी तिने चष्मा काढून पुसला.

"हे कोणी लिहिलंय?"

"अक्षर हिचं, शब्द माझे."

"आजी, आत्ता काही दिसतंय?"

"तुमच्या मागे तिघी उभ्या आहेत. तोंडाच्या जागी जाळी आहे. मधलीच्या हातात टोपली."

"काही बोलतायत?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी घाईने म्हटलं, "नाही, नाही. कधीच कोणी बोललं नाही."

सासूबाईंनी हात पुढे केला. "पुठ्ठे जरा इकडे द्या." त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला, छाटलेले कोपरे एकसारखे केले आणि अंगठ्याने एकेक सरकवत मोजला. मी जमिनीकडे बघत होते.

"बावीस," त्या म्हणाल्या. "मी तेवीस सांगितले होते. सोळाच्या नंतर कुठला आकडा आहे, डॉक्टर?"

"अठरा."

"सतरावा कुठे आहे?"

प्रश्न मलाच होता. "बटणांच्या खणात," मी म्हटलं.

"का?"

"त्यात ते बोललेत, आई. तो वाचला असता तर तुम्हाला गोळ्या चालू झाल्या असत्या."

नवरा एकदम वळला. "कोण बोललं?"

सासूबाईंनी त्याला हाताने थांबवलं, आणि मला जे म्हणाल्या ते अगदी हळू. "तू मला विचारलं नाहीस. शंका आली होती तर विचारायचं होतंस. त्या साहेबांनी निदान माझी प्रश्नचिन्हं बघून तरी नाही म्हटलं. तू पानच काढून टाकलंस."

तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. मी चांगल्यासाठी केलं होतं हे खरं, पण मीही त्यांना वेडी धरून चालले होते, हेही तितकंच खरं. पुठ्ठ्यावर माझा विश्वास होता तो सोळापर्यंतच.

मग त्या डॉक्टरकडे, म्हणजे तिच्या कानाकडे वळल्या. "लिहून घ्या. सतरा. मंगळवार, दुपारी चार, जेवणाचं टेबल. माझे यजमान खुर्चीत बसले होते. म्हणाले, चहात साखर कमी आहे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "म्हणजे आजी, आवाज ऐकू येतो तुम्हाला."

नवऱ्याने आईच्या खुर्चीची पाठ धरली होती. मला वाटलं, संपलं. एका वाक्याने दहा दिवसांचं काम पाण्यात.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू येत नाही. शब्द द्यायचा राहिला, म्हणून तुमचा घोटाळा होतोय. याचा शब्द फिगमेंट. मातीला हाताने आकार देतात ना, त्या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आलाय. म्हणजे घडवलेलं. बाकीचे बावीस मला विचारून येत नाहीत. मी उजेडात गेले, पापण्या मिटल्या की जातात, पण कधी यायचं ते माझ्या हातात नाही. हे मात्र मी बोलावल्याशिवाय येत नाहीत. रोज चार वाजता मी बोलावते, चहा संपला की पाठवते. त्यांची वाक्यंही मीच रचते. खरे ते चहा पिताना 'हं' याच्यापलीकडे कधी गेले नाहीत. डोळे उत्तम होते तेव्हापासून चाललंय हे, अकरा वर्षं. यात डोळ्यांचा काही संबंध नाही, आणि वेडाचाही नाही. मला त्यांची आठवण येते, एवढंच आहे."

डॉक्टरने खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

"मग हा पुठ्ठा सांगितलात कशाला? लपलेलाच बरा होता की."

"तेवीसमधला एक खोटेपणाने काढला, तर बावीस खरे कसे धरणार तुम्ही?"

डॉक्टर हसली, आणि मग नवऱ्याला समजावू लागली. डोळ्यांकडून मेंदूला चित्र पोचेनासं झालं की मेंदू कधीकधी रिकाम्या जागेत स्वतःची चित्रं भरतो. टोप्या, जाळीची तोंडं, जिने. डोळे अधू झालेल्या बऱ्याच लोकांना हे होतं, पण बहुतेक जण सांगत नाहीत, वेडे ठरू या भीतीने. हे वेड नाही. त्या गोळ्या यासाठी नकोत, आमच्या डॉक्टरांना ती स्वतः चिठ्ठी लिहून कळवेल. पुढे कधी काही बदललं तर मात्र लगेच यायचं. "आणि काय बदललं ते तुमच्या आईच मला सांगतील," ती म्हणाली. "इतकं निवडून, वेगळं करून मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आजी, हे पुठ्ठे मी ठेवून घेऊ? आमच्या विद्यार्थ्यांना दाखवीन."

"बावीस ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "सतरावा घरचा आहे."

घरी पोचून दार उघडल्याबरोबर नवऱ्याने फ्रिजवरची बाटली उचलली आणि खिशात घातली. मी बटणांच्या खणातून पुठ्ठा काढला, सासूबाईंसमोर बसले आणि म्हटलं, "चुकले, आई."

"कळलं मला. आता मोकळी जागा भर."

मी फिगमेंट लिहिलं. "अर्थ?"

त्यांनी थोडा विचार केला. "आपण स्वतः घडवलेलं. आणि म्हणून दुसऱ्या कोणाला काढून नेता न येणारं." मग म्हणाल्या, "शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह घाल. मी उत्तर देईन."

मी समास कोराच ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं होतं ते पुसलंही नाही, कारण कानाकडे बघत असल्या तरी त्यांना ते दिसणारच होतं.

चार वाजले. मी चहा केला आणि सासूबाईंचा कप टेबलावर ठेवला. एवढ्यात नवरा आत आला. चारला तो कधी घरी नसतो, त्यामुळे कुठे बसावं हे त्याला समजेना. शेवटी त्याने ती समोरची खुर्ची ओढली आणि तिच्यात अवघडून बसला, बाहेरच्या कपड्यांतच. मी त्याच्यापुढे कप ठेवला. त्याने घोट घेतला, खाकरला, आणि टेबलाकडे बघत विचारलं, "मग आई, काय म्हणाले बाबा आज?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"आज आले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खुर्चीत तू बसलायस ना."

तो एकदम उठायला गेला. त्यांनी टेबलावरून हात पुढे सरकवला, थोडा चुकला, मग त्याचं मनगट सापडलं, आणि त्यांनी ते घट्ट धरलं.

"बस," त्या म्हणाल्या. "चहा संपव. त्यांना मी उद्या बोलावते."